डेक खालून बघा

महोदय,

घराला जोडून लाकडी डेक, म्हणजे खांबांवर उचललेला उघडा लाकडी ओटा, कसा सजवावा, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. पॉलिश, कुंड्या, दिवे, सगळं होतं. डेक घराला कशाने धरून ठेवायचा, यावर मात्र ओळही नाही. सुतारकामात आयुष्य गेलं, म्हणून राहवलं नाही.

डेक कोसळतो तो बहुतेक वेळा भिंतीपाशी. भिंतीला एक आडवी तुळई लावतात आणि वाशांची टोकं तिच्यावर येतात. ही तुळई नुसत्या खिळ्यांवर टांगलेली मी पाहिली आहे. रिकाम्या डेकचं वजन खिळे पेलतातही. पण दहा माणसं चढून हलायला लागली की तुळई भिंतीपासून ओढली जाते आणि खिळे सरळ उपसून येतात. तिथे आरपार बोल्ट आणि मोठे वायसरच हवेत. भिंतीचा भरवसा नसेल तर तिचा नाद सोडावा, डेक स्वतःच्या खांबांवर उभा करावा. मग खांबांना तिरके टेकू हवेतच, नाहीतर तो डुलतो.

पाण्याचंही तसंच. तुळईच्या डोक्यावर वाकवलेला पत्रा नसेल तर भिंतीवरून उतरणारं पाणी मागच्या फटीत मुरतं आणि लाकूड बोल्टाभोवतीच कुजतं. लाकूड पाणी पितं कापलेल्या तोंडातून, म्हणून प्रत्येक कापानंतर तिथे लाकूड कुजू न देणारं औषध लावलंच पाहिजे. कारखान्यात लाकडाला दिलेलं औषध बहुधा गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. त्या औषधात तांबं असेल तर ते साध्या खिळ्यांना खातं; जस्ताचा जाड थर दिलेले (गॅल्व्हनाइज्ड) किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. वाळलेल्या फळ्यांत 5-6 मिमी फट ठेवावी. आणि सागवान म्हटलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं, पण सागाचा बाहेरचा पांढरा भागही कुजतोच.

कठड्याच्या गजांत 100 मिमीहून जास्त अंतर नको, लहान मुलाचं डोकं अडकतं. गज उभेच लावा, आडव्यांवर मुलं शिडीसारखी चढतात.

वर्षातून एकदा टॉर्च आणि टोच्या घेऊन डेकखाली शिरावं आणि तुळई, वाशांची टोकं, खांबांचे तळ टोचून बघावेत. टोच्या सहज आत गेला तर डेकवर जाणं बंद करून, टेकू देऊन ते लाकूड बदलावं. वरून पॉलिशचा हात मारू नये.

— एक निवृत्त सुतार