सोनूच्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाळीत फार रक्त जाते म्हणून सोनूला गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला असून, जावईबापूंनी निर्णय तुमच्यावर सोपवला आहे आणि केळीची कटाई आटोपली की तुम्ही तारीख घेणार आहात, असे तिने मला फोनवर सांगितले. सोनोग्राफीत काहीही निघालेले नाही. म्हणून आधी तिचे रक्त तपासावे, अशी माझी विनंती आहे.

तिचा त्रास पहिल्या पाळीपासूनचा आहे. तासाभरात पॅड भिजतो, रक्ताच्या गाठी पडतात. बाबा, वैशाखात तुमचा घोळणा फुटतो, त्याला आपण रावेरच्या उन्हाची बाधा समजत आलो. पण दाढ काढल्यावर रात्रभर थांबेना ते रक्त आणि बाळंतपणात आत्याचे गेलेले रक्त उन्हामुळे कसे असेल? फॉन विलेब्रांड हा आजार असा घराण्यातून उतरतो, आणि तो मुलगे व मुली दोघांनाही होतो. रक्त गोठण्यासाठी लागणारे एक प्रथिन त्यात कमी किंवा सदोष असते. फिनलंडच्या ज्या डॉक्टरांचे नाव त्याला मिळाले, त्यांनी १९२६ साली ज्या कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली, त्यातली एक मुलगी १३ व्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावानेच दगावली होती.

प्लेटलेट आणि नेहमीच्या तपासण्या यात ठीक येऊ शकतात. या प्रथिनाचे प्रमाण व कार्य वेगळे मोजावे लागते, आणि ताणतणावात ते वाढत असल्याने कधीकधी पुन्हाही. निदान न होता शस्त्रक्रिया केली, तर टेबलावरच रक्त आवरणे कठीण होईल, याची मला अधिक धास्ती वाटते.

आजार निघाला तरी उपाय आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्या घेतात. त्या धरलेली गुठळी विरघळू देत नाहीत, मात्र पूर्वी शिरेत गुठळी झालेल्यांना त्या देत नाहीत. मूल नको असेल तर गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन रक्तस्राव पुष्कळ कमी करते. काहींना डेस्मोप्रेसिन हे त्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण वाढवणारे औषध लागू पडते, परंतु ते आधी चाचणी घेऊनच देतात आणि त्या काळात पाणी मोजून पिण्यास सांगतात. शस्त्रक्रिया टळलीच नाही, तर तेच प्रथिन शिरेतून देण्याची तयारी आधी करता येते. लोहाची कमतरता मात्र कशानेही असो, आत्ताच भरून काढायला हवी.

आई, पोट दुखले की ती दुकानातून मेफेनॅमिक ॲसिडची गोळी आणते. अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तूर्त पॅरासिटामॉल द्यावे.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था, म्हणजे रक्ताच्या आजारांसाठीची संस्था, आहे; तिथे दाखवण्याचे मी पाहते. सोनूचे जुने रिपोर्ट घेऊन बाबांनीही सोबत यावे, कारण त्यांचेही रक्त तपासायला द्यायचे आहे.

तुमची,
ताई