विज्ञान दिनाला एक थर्मामीटर आणि पातेलंभर बर्फ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला, की आमच्या गल्लीतल्या मुलांची थर्माकोल, रंग आणि खायच्या सोड्यासाठी धावपळ सुरू होते. ज्वालामुखी करायचा असतो. डोंगराच्या पोटात बाटली लपवायची, सोड्यावर लाल रंग घातलेलं व्हिनेगर ओतायचं आणि फेस वर आला की टाळ्या. मुलांच्या हौसेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या डोंगरात काहीच वितळत नाही, आणि खरा ज्वालामुखी म्हणजे तर वितळलेला खडक. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात मी प्रतिकृतीशेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "लाव्हा कशाचा असतो रे?" पाठ केलेलं सगळं भाषण त्याने घडाघडा म्हटलं होतं. या प्रश्नावर मात्र तो थबकला आणि म्हणाला, "आगीचा."

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली, त्यातला बराच काळ वाई आणि जावळी तालुक्यांतल्या दोनशिक्षकी शाळांत. त्या अनुभवाच्या जोरावर सर्व प्राथमिक शिक्षकांना एक आग्रहाची विनंती करते. यंदा तिसरी ते सहावीच्या प्रत्येक वर्गात निदान एकदा बर्फ मुलांच्या हातात द्या, आणि तो वितळत असताना थर्मामीटर मुलांनाच वाचू द्या. पडद्यावरची चित्रफीत नंतर दाखवा, हवी तर.

ताप बघायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपर्यंतच वाचतो. शून्याच्या खालीही खुणा असलेला, लाल द्रवाचा, प्रयोगशाळेतला थर्मामीटर लागतो. जवळच्या हायस्कुलातून एक दिवसासाठी तो मागून आणता येतो. पाऱ्याचा मात्र आणू नये. लहान मुलांत तो फुटला तर पारा गोळा करणं धोक्याचं.

बर्फ जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक फोडावा आणि पातेल्यात घालावा. फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो ओलसर होऊन तळाला थोडं पाणी सुटेपर्यंत थांबावं. मग दर दोन मिनिटांनी ढवळायचं, एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने फळ्यावर लिहायचा. शून्य. परत शून्य. परत शून्य. मुलं चुळबुळ करू लागतात. कोणीतरी म्हणतंच, "बाई, थर्मामीटर बिघडलाय." हे वाक्य आलं की तास जमला म्हणून समजावं. लगेच उत्तर देऊ नये. "बरं, पातेलं उन्हात ठेवून बघू या," म्हणावं. उन्हात बर्फ भराभर वितळू लागतो, पण नीट ढवळत राहिलं तर आकडा जागचा हलत नाही. शेवटचा खडा दिसेनासा झाला की मग तो चढायला लागतो. एक, तीन, सहा. त्या वेळी मुलांचे चेहरे बघावेत. थर्मामीटर बिघडलेला नव्हता, हे त्यांचं त्यांना कळलेलं असतं.

कधी शाळेचा थर्मामीटर शून्याऐवजी एक दाखवतो. दाखवू द्यावा, आणि वहीत एकच लिहू द्यावा. पुस्तकात शून्य आहे म्हणून वहीत शून्य लिहायला लावणं मला फार वाईट वाटतं. आकडा कुठे थांबला यापेक्षा तो थांबून राहिला, हे मुलांनी पाहणं महत्त्वाचं आहे.

उन्हातली उष्णता पातेल्यात जातेय, तरी तापमान वाढत नाही. मग ती जाते कुठे? ती बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. याला अप्रकट उष्मा म्हणतात आणि तो आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात येतो. नाव दहावीत येऊ दे, अनुभव तिसरीत यायला काहीच हरकत नाही. ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या सुमारास ग्लासगोत. त्यांनी दोन सारखी काचपात्रं एकाच खोलीत ठेवली होती. एकात बर्फ, दुसऱ्यात तेवढंच, जवळजवळ बर्फाइतकंच थंड पाणी. पाणी जेवढं तापायला अर्धा तास लागला, तेवढ्याच तापमानाला बर्फवालं पात्र यायला साडेदहा तास लागले. दोन बरण्या, एक थर्मामीटर, एक घड्याळ आणि चिकाटी. आमच्या शाळेत नाही असं यात काय आहे?

वरच्या वर्गांसाठी आणखी एक करून दाखवावं. गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं. १०० ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापवून, बर्फ ठेवून थंड केलेल्या १०० ग्रॅम पाण्यात ओतलं तर मिश्रण ४० अंशांच्या आसपास येतं. तेच ८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी १०० ग्रॅम बर्फावर ओतलं, तर जवळजवळ सगळा बर्फ वितळतो आणि हाती येतं ते शून्याजवळचं गारेगार पाणी. एवढं कढत पाणी गेलं कुठे, हा प्रश्न मुलं घरी घेऊन जातात. एका ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात, हे वाक्य त्यानंतर सांगावं.

आता पडद्यावरच्या चित्रांबद्दल. त्यांत स्थायूचे गोळे दाटीवाटीने बसलेले, द्रवाचे जरा सुटे आणि वायूचे उधळलेले दाखवतात. बहुतेक पदार्थांना ते लागूही पडतं. पण उदाहरण म्हणून शेजारी बर्फाचं चित्र असतं, आणि नेमका बर्फच त्या चित्रात बसत नाही. पाण्याचा बर्फ होताना तो आकसत नाही, सुमारे ९ टक्के फुगतो. म्हणून तर पाण्यावर तरंगतो. थंडीत थिजलेलं खोबरेल किंवा घट्ट तूप बघा. थोडं पातळ करून त्यात घट्ट गोळा टाकला की तो तळाला जातो. मेणाचंही तसंच. स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या शेजारीशेजारी ठेवल्या, एकीत पाणी आणि बर्फ, दुसरीत पातळ तूप आणि तुपाचा गोळा, तर चौथीचं मूलही विचारतं की एक वर का आणि एक खाली का. ते गोळ्यांचं चित्र पाहून असा प्रश्न विचारलेलं मूल मला भेटलेलं नाही.

खोबरेल तेलासाठी तर वेगळं काही आणावंच लागत नाही. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि वितळतं. वाईला डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रत्येक घरात तेलाची बाटली उन्हात ठेवलेली असते. सकाळी शाळेत बाटली आणायची, ओसरीवर ठेवायची, परिपाठ झाल्यावर बघायची, दुपारच्या सुट्टीत बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल पुन्हा घट्ट. उलटसुलट होणारा बदल शिकवायला याहून सोपं काय असणार? आणि साखर चहात दिसेनाशी होते ते वेगळं, हेही असंच दाखवता येतं. बशीत साखर आणि बशीत बर्फ, दोन्ही ओसरीवर ठेवावं. बर्फाचं पाणी होतं, साखर तशीच राहते. तिला पाणी लागतं, बर्फाला ऊब पुरते.

आमच्या एका शाळेच्या आवारात मी कल्हईवाल्या मामांना मुद्दाम बोलावून घेत असे. गावातल्या बायका भांडी तिथेच आणायच्या. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. तांब्याचं पातेलं चांगलं तापलं की मामा त्यात नवसागर टाकायचे, भस्सकन पांढरा धूर उठायचा. मुलं धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलेली असत. मग कथलाची कांडी तापलेल्या पातेल्याला नुसती टेकवली की तिचं टोक ओघळायचं आणि कापसाच्या बोळ्याच्या दोन हातांत काळपट पातेलं आतून आरशासारखं लखलखायचं. एकदा दुसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "मामा, कांडी वितळली, मग पातेलं का नाही वितळलं?" विस्तव एकच होता, दोन्ही धातूच होते, म्हणजे प्रश्न अगदी बरोबर होता. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. द्रवणांक म्हणजे काय, हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

आज कल्हईवाले क्वचित दिसतात. पण बहुतेक बाजारपेठांत मोबाइल आणि मिक्सर दुरुस्त करणारा कोणीतरी असतोच, आणि त्याच्याकडे सोल्डरिंगची तार असते. त्याला विनंती करून, थोडं अंतर राखून, मुलांना ती तार वितळताना आणि क्षणात घट्ट होताना दाखवता येईल. दुकानदार नाही म्हणेल असं मला वाटत नाही. आपलं काम मुलांनी बघावं असं प्रत्येक कारागिराला वाटतं.

"लाकूड का वितळत नाही?" हाही प्रश्न येतो. येऊ द्यावा. लाकूड वितळण्याएवढं तापण्याआधीच त्याचं लाकूडपण मोडतं, त्याचा कोळसा आणि धूर होतो, आणि कोळशाचं पुन्हा लाकूड करता येत नाही. कापूर आणखी निराळा, तो उघड्यावर ठेवला की पाणी न होताच उडून जातो. सगळंच तापवून पातळ होत नाही, हे कळल्याशिवाय वितळणं पुरतं कळलं असं मी म्हणणार नाही.

आणि आता त्या मुलाच्या "आगीचा" या उत्तराकडे येते. आपण साताऱ्याकडचे लोक रोज थिजलेल्या लाव्ह्यावर चालतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वितळलेल्या खडकाचे लोंढे जमिनीच्या भेगांतून बाहेर पडले, एकावर एक पसरले आणि निवले. तोच आपला काळा पाषाण. असा लाव्हा अकराशे-बाराशे अंश तापलेला असतो. पसरणीच्या घाटात डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, त्या पायऱ्या म्हणजे त्या लोंढ्यांचे थर. मुलांना ओढ्याकाठी न्यावं आणि भोकं असलेला दगड शोधायला सांगावा. ती भोकं म्हणजे पातळ खडकात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. कधी त्यांत पांढरे चमकदार खडे भरलेले असतात. असा दगड मुठीत धरून "बाई, हा खरंच पातळ होता?" असं मूल विचारतं, तेव्हा थर्माकोलच्या डोंगराची गरज उरत नाही.

शिक्षकांची ओढाताण मी जाणते. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, दोन खोल्यांत चार इयत्ता. म्हणूनच नवा उपक्रम, नवा अहवाल, नवा फोटो असं काही सुचवत नाही. दोन तासिका पुरतात, आणि त्या एकत्र बसवलेल्या वर्गालाही चालतात, कारण दुसरीचं मूल बर्फ ढवळतं आणि पाचवीचं मूल आलेख काढतं. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एकदा हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून पाहिला, तर वर्गात करताना हात अडखळणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. विज्ञान दिनाच्या आसपास मुलांच्या पानावर गावोगावच्या शाळांकडून आलेले बर्फाच्या तापमानाचे तक्ते छापावेत. शाळेचं आणि गावाचं नाव, किती वाजता सुरू केलं, पातेलं सावलीत होतं की उन्हात, दर दोन मिनिटांचा आकडा आणि मुलांना पडलेला एक प्रश्न, एवढंच मागवावं. कोणाचा थर्मामीटर एक दाखवत असेल, तर तो तक्ता तसाच छापावा. बक्षीस ठेवू नये, म्हणजे आकडे खरे येतील.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
वाई, जि. सातारा