जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून मातीमोल भावात निघत आहेत. ४ जीबी रॅम असेल तर त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम व्यवस्थित चालते. लागतो तो ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह.

बहुतेकांचे घोडे अडते ते आयएसओ फाइल (डाउनलोड केलेली मिंटची संपूर्ण प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केल्यामुळे. सुरू होताना मशीन ठरावीक जागी बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) शोधते. आयएसओच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून ‘रूफस’सारख्या प्रोग्रामने ती लिहावी लागते. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा फोटो आधी काढून घ्या. मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम नव्या पद्धतीचा (यूईएफआय) असेल तर रूफसमध्ये पेनड्राइव्हच्या मांडणीसाठी जीपीटी, जुना बायोस असेल तर एमबीआर निवडायचे. रूफस ‘आयएसओ मोड की डीडी मोड (फाइल जशीच्या तशी उतरवणे)’ विचारतो. आधी आयएसओ घ्या, बूट झाले नाही तर डीडी. डीडीनंतर विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारते, तेव्हा नाही म्हणायचे. इथे हो म्हणून केलेले काम घालवणारे पुष्कळ.

लिहिण्याआधी फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारी खूण) मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते. डाउनलोड अर्धवट तुटले असेल किंवा पेनड्राइव्ह खराब असेल, तर पडद्यावर ‘स्क्वॉशएफएस एरर’च्या ओळी धावू लागतात आणि दोष उगाच लॅपटॉपला जातो. रूफसमधली ‘बॅड ब्लॉक’ तपासणी वेळखाऊ आहे, पण क्षमता खोटी छापलेला पेनड्राइव्हही तिच्यात पकडला जातो.

मशीन कशावरून सुरू करायचे ते निवडण्याचा बूट मेन्यू डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२ ने, एचपीवर एफ९ ने उघडतो. एसरवर एफ१२ अनेकदा बायोसमध्येच बंद ठेवलेला असतो. एफ२ दाबून आत जा आणि आधी तो चालू करा. विंडोजमधून बाहेर पडताना ‘शटडाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे शटडाउनने विंडोज पुरती बंद होतच नाही.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाले की लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय, आवाज, टचपॅड तिथेच तपासा. डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेजची (डिस्कशी बोलण्याची) पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असते, ती ‘एएचसीआय’ करावी लागते. मात्र विंडोजही ठेवायची असेल तर पूर्वतयारीशिवाय हा बदल नको, ती निळ्या पडद्यावर अडकते. डिस्क कुलूपबंद करणारा विंडोजमधला बिटलॉकर मालकाच्या नकळत चालू असू शकतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बायोसला हात लावण्यापूर्वीच कागदावर उतरवा.

मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट मांडणी मिंटमध्ये आधीच असते, कीबोर्ड सेटिंगमध्ये ती फक्त जोडायची. टॅली किंवा जुन्या बिगर-युनिकोड फाँटांवर रोजचे काम असणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ते प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले आहेत, आणि दुकानाचा हिशोब ही प्रयोग करायची जागा नव्हे.

– संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, सांगली