नाना, तुमच्या एका प्रश्नाने आमचा ट्रक बदलला

नाना, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "जाऊ दे रे भो" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि आपल्या खान्देशातली बरीच पोरं तिकडे अमेरिकेत आहेत, आई-बाबा आले की आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरायचं त्यांच्याही डोक्यात असतं, त्यांनाही हे वाचून उपयोग होईल.

मागच्या दिवाळीत चोपड्याला आलो तेव्हा राहायचा ट्रेलर ठरलेला होता आणि तो ओढायला ट्रकही जवळपास ठरलाच होता. तिकडच्या डीलरने सांगितलेलं की हा ट्रक 11,000 पाउंड ओढतो, तुमचा ट्रेलर तर रिकामा 5,800 चा, मग काळजी कसली, आणि मला ते पटलंही होतं. तुम्ही ओट्यावर बसून सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणालात, "वढी तं लई जाई, पन थांबी का? आनि गाडीमा कितला जन बसतीन?"

बस्स, तिथून सगळा हिशोब पलटला.

रावेर-सावद्याची केळी दिल्लीला नेण्यात तुमची उमर गेली, सेंधव्याच्या घाटात ब्रेक गरम होऊन लागेनासे झाले होते ती रात्र तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली, तेव्हा काकू पण गप्प बसल्या होत्या. तुम्ही म्हणालात रिकामं वजन धरायचंच नाही, पासिंग सांग, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालतं ते. ट्रेलरचं पासिंग निघालं 7,600 पाउंड, म्हणजे जवळपास साडेतीन टन, कारण पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, गाद्या, भांडी, किराणा हे सगळं रिकाम्या वजनात नसतंच, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, टाकी भरली की तेवढं वाढलंच.

मग तुम्ही ट्रकचं विचारलं. मी मित्राला डीलरकडे पाठवून ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरचा फोटो मागवला. त्यावर लिहिलेलं, माणसं आणि सामान मिळून 1,480 पाउंडच्या वर जाऊ नये, म्हणजे 670 किलो. मला वाटलं भरपूर आहे. तुम्ही विचारलं, आणि ट्रेलर जो पुढून ट्रकवर टेकतो त्याचा भार कुठे धरला?

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही ते बैलगाडीवरून समजावलं. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास बसतो, आणि पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलाच्या मानेवर. ट्रेलरचं अगदी तेच आहे! एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतो त्या जोडावर, यायला पाहिजे, कमी आला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ट्रकलाही घेऊन जातो. आमचा हा भार 450 किलोच्या आसपास, आई-बाबा, आम्ही दोघं आणि पोरगी मिळून 300, हिचचं लोखंड 45. जिनिंगच्या जुन्या पावतीमागे तुम्ही बेरीज केली, 795, आणि अजून एक बॅगसुद्धा ठेवली नव्हती. ओढायची ताकद होती नाना, पण पाठीवर घ्यायची नव्हती.

त्याच रात्री तो ट्रक कॅन्सल केला आणि पाऊण टनी घ्यायचं ठरलं, हे तिकडचं नुसतं वर्गाचं नाव, पाठीवर जास्त भार घेणारा मोठा ट्रक. तुमचं मन डिझेलवर होतं, पण डिझेल इंजिनच जड असल्यामुळे त्याच मॉडेलच्या स्टिकरवर आकडा कमी निघाला, तो ऐकल्याबरोबर तुम्ही म्हणालात मग पेट्रोलवालाच घे. इतकी वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाने आकडा बघून एका मिनिटात मत बदललं, हे मी विसरणार नाही.

ट्रक महाग पडला, रिकामा असला की खड्ड्यात कडक बसतो, पण जूनमध्ये आई-बाबांना घेऊन डेन्व्हरहून युटाला निघालो आणि पैसे वसूल झाले. आयसेनहॉवर टनेल 11,000 फुटांच्या वर आहे, तिथे हवा विरळ, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची ताकद तिसऱ्या हिश्शाने उतरते, चढताना उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या मागे हळूहळू गेलो, घाई केली नाही. पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे 7 टक्क्यांचा उतार. तुमचं वाक्य डोक्यात होतं, ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. टो-हॉल मोड (ओझं ओढताना खालचा गियर धरून ठेवणारं बटण) लावून गाडी गियरवर सोडली, ब्रेकला अधूनमधून फक्त पाय लावला, ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलरवर सेट केलेले होते, ते पण सोबतीला. ट्रकच्या मागच्या सीटवर बाबा बिनधास्त झोपलेले! आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात म्हणून तुमचा जीव तुटतो, तर तुमच्यासाठी सांगतो, या ट्रेलरला एक वायर असते, हिच सुटलाच तर ती खेचली जाऊन ट्रेलर आपोआप ब्रेक मारतो.

निघायच्या आधी हायवेवरच्या ट्रक स्टॉपला काटा केला होता, तुम्ही बजावलं होतं तसं, एकदा ट्रेलर लावून आणि एकदा सोडून. ट्रेलर 3,250 किलो भरला आणि हिचवर आले 420, म्हणजे 13 टक्के. पहिल्या वेळी कमी आले होते, मग किराण्याची खोकी मागच्या कपाटातून काढून पुढे ठेवली आणि परत काटा केला.

आईने तुम्हाला सांगितलंच असेल, पण मी पण सांगतो, युटातल्या आर्चेस नॅशनल पार्कला लाल दगडांच्या कमानीखाली बसून ती म्हणाली, नानांचा फोन लाव. रेंज नव्हती, म्हणून लागला नाही.

नाना, दिवाळीला येतोय. काट्याच्या दोन्ही पावत्या जिनिंगच्या त्या पावतीसोबत जपून ठेवल्यात, तुम्हाला दाखवायला आणतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
शेजारचा पोरगा