तारांगणात थोडा समुद्रही दाखवा

संपादक महोदय,

दिवाळी झाली की शाळांच्या सहली निघतात आणि कोकणातल्या शाळांच्या यादीत हल्ली तारांगण हमखास असते. चांगलीच गोष्ट आहे. आमच्या बंदरावरच्या शाळेबरोबर मीही अशाच एका तारांगणात जाऊन आलो. खेळ देखणा होता. कृष्णविवर काय, आकाशगंगांची टक्कर काय, खुर्चीत आडवे होऊन बघताना पोटात गोळा यावा असे सगळे. ध्रुवतारा मात्र सप्तर्षींचे दोन तारे जोडून बाण काढण्यापुरता आला आणि गेला. बघणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचे बाप तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, नाहीतर खलाशी. त्या बाणाचा समुद्रावर उपयोग काय, हे कुणी सांगितले नाही.

मी व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो, त्यामुळे मला राहवले नाही. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितके आपले अक्षांश. त्यात फार तर अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडतो. हात लांब केला की वळलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. रत्नागिरीत ध्रुव १७ अंशांवर, म्हणजे पावणेदोन मुठी. कोचीच्या समुद्रात एकच मूठ. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, सुमारे १११ किलोमीटर. हे फळ्यावर सांगितले तर मुले लिहून घेतील आणि परीक्षेनंतर विसरतील. तारांगणात मात्र यंत्र चालवणाऱ्याने अक्षांश बदलत नेले की ध्रुव डोळ्यांदेखत खाली उतरतो आणि दक्षिणेकडून त्रिशंकू हा तारकासमूह वर येतो. डिजिटल यंत्राला हे काम काहीच नाही, फक्त कुणाला तरी ते सुचायला हवे.

हे किनाऱ्यावरच का शिकवू नये, असे कुणी विचारेल. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पुळणीवर उभे राहून उत्तरेला बघितले तर समुद्राचे क्षितिज दिसत नाही, डोंगराचा सडा नाहीतर जेटीचे दिवे दिसतात. त्यात ध्रुव काही फार ठळक तारा नाही. सगळ्या बाजूंनी स्वच्छ क्षितिज एक तर भर समुद्रात मिळते, नाहीतर घुमटाखाली.

जीपीएस असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न मला घरातही विचारतात. होर्मुझच्या आसपास आणि बाल्टिक समुद्रात गेल्या काही वर्षांत जहाजांचे जीपीएस मुद्दाम चकवले जात आहे, आणि त्या वाटांवर आपली मराठी मुलेही नोकरीला असतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले ताऱ्यांवरून दिशा काढण्याचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले, ते हौस म्हणून नव्हे. २०२२ च्या गोल्डन ग्लोब या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी जीपीएसशिवाय, सेक्स्टंट (ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायचे साधन) आणि कागदी नकाशांवर जगाला वळसा घालून दुसरे आले. आणि तारांगण ही शिकवण्याची जागा आहे हे तर जुनेच आहे. मर्क्युरीपासून अपोलोपर्यंतच्या मोहिमांचे अंतराळवीर १९५९ पासून अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या मोरहेड तारांगणात बसूनच तारे ओळखायला शिकले.

आपल्या पाठ्यपुस्तकी पद्धतीत एक गोची आहे. ध्रुव शोधायचा तो सप्तर्षींवरून, एवढेच मुलांना माहीत असते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मासेमारी भरात असते तेव्हा, संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. त्या वेळी समोर असतो शर्मिष्ठा हा तारकासमूह, आणि त्याच्यावरून ध्रुव कसा काढायचा हे क्वचितच कुणी दाखवते. दक्षिणेसाठी अगस्ती हा तारा आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, रत्नागिरीतून वीसेक अंशांवर असतो. व्याधाच्या खाली इतका तेजस्वी दुसरा तारा नाही, चुकायची सोय नाही.

या समुद्रातले जुने दर्यावर्दी 'कमाल' नावाचे साधन वापरत. लाकडाची लहान चौकोनी फळी, मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी. दोरी दातांत धरायची, फळी पुढे-मागे करायची आणि खालची कड क्षितिजाला, वरची ध्रुवाला टेकली की थांबायचे. ओळखीच्या बंदरासाठी दोरीला गाठ मारून ठेवलेली असे. परत येताना त्या गाठीला ध्रुव जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचे आणि मग तोच अक्षांश धरून किनारा गाठायचा. वहीच्या पुठ्ठ्याचे कमाल पाचवीतला मुलगाही करेल. घुमटाखाली मात्र कोन मधल्या खुर्च्यांवरूनच खरा येतो, कडेच्या मुलाची गाठ भलत्याच बंदराची पडेल, म्हणून पाळीपाळीने मध्ये बसवावे.

रत्नागिरीत नगर परिषदेचे तारांगण आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून 'दर्यावर्दींचे आकाश' असा अर्ध्या तासाचा मराठी खेळ बसवावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल घरी असतात आणि बाहेर ढगांमुळे एक तारा दिसत नाही. तेव्हा त्यांना मुलांसकट बोलवावे. निवेदन मुंबईहून ध्वनिमुद्रित करून आणू नये, एखाद्या जुन्या तांडेलालाच माइक द्यावा. तो चार गोष्टी जास्त सांगेल, एखादी फुगवूनही सांगेल, चालेल. वरळीचे नेहरू तारांगणही वरळी कोळीवाड्यापासून फार लांब नाही. तिथेही हे सहज जमेल.

असा खेळ कुणी खरोखर बसवला तर माझा जुना सेक्स्टंट मुलांना हाताळायला द्यायची माझी तयारी आहे. लहान आरशाचा पारा एका कोपऱ्यात उडाला आहे, तेवढा नवीन बसवून घ्यावा लागेल.

– एक निवृत्त जहाज अधिकारी, दापोली