सोन्याच्या कणांविषयी सदाशिवास

गुहागर

प्रिय सदाशिव,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. वहिनींच्या गालाच्या कर्करोगावर चाललेल्या लाईटची, म्हणजे किरणोपचाराची, दहा सिटिंग झाली आणि तेवीस उरली, हे कळले. सोबतचे कात्रणही वाचले. सोन्याच्या नॅनोकणांचा (अतिसूक्ष्म कणांचा) त्यातला उपचार मिळेपर्यंत लाईट थांबवावे काय, आणि तोवर गावच्या वैद्यांचे सुवर्णभस्म चालेल काय, असे तू विचारतोस. दोन्हींना माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण तू कारण समजल्याशिवाय ऐकणारा नव्हेस, म्हणून लिहितो.

आपण भरतीच्या वेळी हेदवीला बामणघळ पाहायला जात असू, ते आठव. जी लाट वाळूवर नुसती पसरून विरते, तीच त्या कातळाच्या फटीत शिरली की उसळून आजूबाजूचे सारे भिजवते. क्ष-किरणांचेही काहीसे असेच आहे. आपले शरीर कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन अशा हलक्या अणूंचे. सोन्याचा अणुक्रमांक मात्र ७९. कमी ऊर्जेचे किरण शोषण्याची पदार्थाची क्षमता त्याच्या अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, असा कण गाठीत असला तर तो किरण अडवतो आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन अगदी जवळच्या पेशींच्या डीएनएवर आघात करतात. निरोगी भागाला किरणांची जादा मात्रा न देता गाठीला ती मिळावी, हा त्यामागचा हेतू.

२००४ साली अमेरिकेत जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी स्तनाची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण सोडून किरण दिले, तेव्हा वर्षभरानंतर ८६ टक्के उंदीर जिवंत होते. नुसत्या किरणांनी २० टक्के. आकडा मोहात पाडणारा आहे खरा, परंतु ते किरण २५० किलोव्होल्टचे होते. वहिनींच्या यंत्रातले किरण त्याहून कितीतरी जोरदार, दशलक्षावधी व्होल्टचे असतात, आणि त्या ऊर्जेला घनाचा हा नियम फारसा लागू पडत नाही. कात्रण लिहिणाऱ्याने नेमके हेच गाळले आहे, याचा मला राग आला.

माणसांवर मोठ्या प्रमाणात तपासले गेले ते सोने नव्हे, हाफ्नियम या जड धातूचे ऑक्साइड, हाफ्नियमचा अणुक्रमांक ७२. हातापायांच्या आणि धडाच्या सार्कोमावरील (स्नायू, चरबी अशा मऊ भागांच्या कर्करोगावरील) चाचणीत हे कण किरणोपचाराआधी एकदाच थेट गाठीत टोचले. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत जिवंत पेशी जवळजवळ न उरलेले रुग्ण सुमारे १६ टक्के निघाले. नुसत्या किरणांच्या गटात ८ टक्के. २०१९ मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली, तीही त्या प्रकारच्या गाठींपुरतीच. वहिनींचे दुखणे गालातले.

भस्माचे म्हणशील, तर पोटात घेतलेले सोने गालातल्या गाठीत जाऊन बसेल असे मानायला काही आधार नाही. डॉक्टरांना न सांगता पुडी देऊ नकोस.

आणि खंड तर मुळीच नको. तोंडाच्या कर्करोगात मध्येच थांबले तर उरलेल्या पेशी त्या अवधीत पुन्हा वाढू लागतात, म्हणून सिटिंग ठरल्या दिवशीच व्हावे लागते. वहिनींची मिश्री आता खरोखर सुटली आहे ना, तेवढे नीट बघ. ती लपूनछपून चालते, हे मी आमच्याच घरी पाहिले आहे.

तोंड सोलवटल्यावर कोकमाचे सार नको, तिखट नको. पेज कोमट करून द्यावी. शनिवारी मी परळला येतोच आहे. येताना जुने तांदूळ आणतो.

तुझा,
विनायक