सगळं वयावर ढकलू नका

संपादक महोदय,

आईला वर्षभर पायाला मुंग्या येत होत्या, चालताना तोल जायचा, आणि आम्ही सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, ७२ वय झालं आता असंच चालायचं म्हणत बसलो. शेवटी रक्तातलं व्हिटॅमिन बी१२ तपासलं तर १४० निघालं, २०० च्या खाली म्हणजे कमीच धरतात. आई पक्की शाकाहारी, डायबेटिसची मेटफॉर्मिन १२ वर्षं चालू, वर रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी. या दोन्ही गोळ्या बरीच वर्षं घेतल्या की बी१२ नीट शोषलं जात नाही आणि भाजी-डाळीत तर ते नसतंच, दूध-दह्यात थोडंफार मिळतं. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! आता इंजेक्शनं चालू आहेत, मुंग्या कमी झाल्यात पण तळपायाचा बधिरपणा अजून आहे. मेटफॉर्मिन चालू असलेल्यांची शुगरबरोबर बी१२ पण तपासा ना, प्लीज.

– एक वाचक, सांगली